बाराव्या फिल्टरचे वेष्टण

सितियो कामाचिली, पाम्पांगा
सोमवार, दुपार

प्रिय आतोंग,

तुझ्या धाकटेपणास शोभतील इतके आशीर्वाद आणि माझ्या थोरलेपणास परवडेल इतकी माया. तुझा रक्तदाब आटोक्यात असेल आणि तुझ्या रेमेदियोसचा गुडघा तिकडच्या वालेहोच्या थंडीला सरावला असेल, असे गृहीत धरते. माझी प्रकृती मूत्राशय वगळता उत्तम आहे. त्या अपवादाला तूच कारणीभूत आहेस. ते पुढे सिद्ध करीन.

तुझ्या मंडळाने (निवृत्त नर्सा, जहाजांवरचे जुने स्वयंपाकी आणि तू) चर्चच्या सभागृहात नाचगाण्याचा कार्यक्रम करून त्या पैशांतून पाठवलेले पाण्याचे बारा फिल्टर सुखरूप पोहोचले. खोक्यांच्या कोपऱ्यांत कोंबलेली चॉकलेटे, टॉवेल आणि डबाबंद मांसही पोहोचले. (कोपरा रिकामा ठेवून खोके बंद करणे आपल्या लोकांना अजून जमलेले नाही.) गल्लीतल्या अकरा घरांना मी एकेक फिल्टर दिला आणि तो कसा वापरायचा ते दोनदा समजावले. भिंतीपलीकडे परदेशी लष्कराचा तळ होता तेव्हा तिथली टाकाऊ रसायनांची पिंपे ज्या खड्ड्यांत रिती झाली, त्या जमिनीतलेच पाणी आपल्या हातपंपाला येते, हे तुला मी सांगावे असे नाही. मला मुख्य चिंता होती ती शेजारच्या गुरिंगच्या नातीची, आयराची. मुलगी नऊ वर्षांची. मूत्रपिंडे बिघडलेली, चेहरा आणि पाय सुजलेले. पंपाच्या पाण्याचा थेंबही देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले आहे. विकतचे पाणी गुरिंगला आठवड्यातले दोनच दिवस परवडते. तात्पर्य, तुझा फिल्टर त्या घरी देणगी म्हणून नव्हे, औषध म्हणून आला होता.

महिन्याने मी पाहणीस निघाले. अकराच्या अकरा घरांत फिल्टर काचेच्या कपाटात विराजमान होता. प्लास्टिकच्या वेष्टणासह, बाळ येशूच्या उजव्या हाताला. डाव्या हाताला सत्त्याण्णव साली कोणाच्या तरी मावशीने पाठवलेला साबण. (तो अजून झिजलेला नाही, कारण झिजण्याची संधी त्याला कोणी दिलेली नाही.) गुरिंगला मी कारण विचारले.

"अहो मास्तरीणबाई, एवढी सातासमुद्रापलीकडून आलेली वस्तू! रोज वापरून तिची रया घालवायची का?"

"मग वापरायची कधी?"

"पाहुणे आले की."

मी रीतसर युक्तिवाद मांडला. फिल्टर पाण्यासाठी असतो. पाणी रोज प्यावे लागते. म्हणून फिल्टर रोज वापरला पाहिजे. गुरिंगने प्रत्येक पायरीला मान डोलावली, केळीच्या पानातला चिकट भात माझ्या हाती ठेवला आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. पण प्लास्टिक नाही हं काढायचं." चाळीस वर्षे मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले, इतक्या प्रेमाने मला कोणी नापास केले नव्हते. परत निघाले तेव्हा आयरा अंगणात पंपाखाली ओंजळ धरून पाणी पीत होती. मला पाहताच तिने ओंजळ पाठीमागे लपवली. म्हणजे तिला सगळे समजत होते, आणि तहानही लागत होती.

त्या दिवशी मला माझ्याच विद्यार्थ्यांना शिकवलेली गोष्ट आठवली: प्रतिपक्षाचे गृहीतक खोडता येत नसेल तर ते मान्य करावे आणि शेवटपर्यंत न्यावे. चांगले पाणी पाहुण्याचे असेल, तर पाहुणे व्हावे. दुसऱ्या दिवशी मी रविवारच्या प्रार्थनेचा पोशाख घातला, छत्री घेतली, पर्स घेतली आणि गुरिंगचे पुढचे दार वाजवले.

"हे काय नवीन? मागच्या दारानं यायला काय झालं?"

"आज मी पाहुणी आहे."

तिने मला नखशिखान्त न्याहाळले. मग आत गेली, स्वतःचा ब्लाउज बदलून आली, आणि आतोंग, त्यानंतर मी प्लास्टिक फाटल्याचा आवाज ऐकला. (चर्चची घंटा याहून गोड वाजत असेल असे मला वाटत नाही.) त्याच रीतीने अकरा घरे, अकरा पेले, आणि हा क्रम रोज. चौथ्या दिवशी मूत्राशयाने हरकत नोंदवली. सातव्या घरच्या, म्हणजे बापा इल्योंगच्या, संडासाला कडी नाही. तिथे मी दार एका हाताने धरून आतूनच मोठ्याने त्यांच्या कोंबड्यांची चौकशी करीत असे, म्हणजे आत कोण आहे याविषयी संदेह राहत नसे.

परंतु सिद्धान्तात एक भोक होते. माझी पाठ वळली की फिल्टरवर विणलेली जाळी चढे आणि घरचे लोक पुन्हा पंपावर. म्हणून दुसऱ्या आठवड्यात मी आयराला पांढरा फ्रॉक घालून सोबत घेतले. दहा घरांत तिला पाहुणीचा पेला मिळाला. अकरावे घर तिचे स्वतःचे. "आपल्याच घरात कसली गं पाहुणी?" गुरिंगने तिला दारातच अडवले. मी उत्तराची जुळवाजुळव करीत होते, तोवर आयरा वळली, शेजारच्या दारावर थाप मारून ओरडली, "पाहुणे आलेत!"

मला इतक्या दिवसांत जे सुचले नव्हते ते तिला तहानेने सुचवले: स्वतःचे घर सोडले तर प्रत्येक माणूस प्रत्येक घरी पाहुणाच असतो. आठवडाभरात गल्लीतली सगळी मुले पेले घेऊन एकमेकांची पुढची दारे वाजवू लागली. मोठ्यांनी प्रथम नाके मुरडली. मग शेजाऱ्याचा फिल्टर आपल्यापेक्षा जास्त चालतो हे सहन न झाल्याने तेही निघाले. आज या गल्लीत कोणीही स्वतःच्या घरी पाणी पीत नाही. पंपाच्या हौदीत बापा इल्योंगच्या कोंबडीने अंडे घातले आहे. आयराला गेल्या वर्षीच्या चपला पुन्हा येऊ लागल्या. डॉक्टर म्हणाले, "सूज उतरली आहे, पुढच्या महिन्यात पुन्हा पाहू." पुराव्याहून अधिक दावा करण्याची मला सवय नाही, म्हणून मीही तेवढेच लिहिते. सोबत अकरा छायाचित्रे.

तुझी, थोरली बहीण आणि सध्या पाण्याने भरलेली,
अ‍ॅत्सी विसिंग

ता. क. फिल्टरच्या कँडल वर्षभर टिकतील असे तुम्ही लिहिले होते; तो हिशेब एका कुटुंबाचा होता, गल्लीभर पाहुण्यांचा नव्हता. नव्या लवकर पाठवा. कोपऱ्यांत चॉकलेटे कोंबायला माझी आता हरकत नाही.

आणखी ता. क. बाराव्या फिल्टरचे छायाचित्र मागशील. तो आपल्या घरी, आईच्या कपाटात आहे, वेष्टण शाबूत. माझ्याकडे पाणी प्यायला कोणी येत नाही (पाण्याबरोबर तर्कशास्त्र मिळते, अशी समजूत आहे) आणि स्वतःच्या घरी मी पाहुणी ठरत नाही. पाहुणा म्हणजे जो त्या घरी राहत नाही आणि ज्याच्यासाठी यजमानीण ब्लाउज बदलते. तळ बंद झाला त्या वर्षी तू गेलास, तो एकदाही आला नाहीस. व्याख्येत तू चपखल बसतोस.

शेवटचा ता. क. तू का येत नाहीस ते मी कधी विचारले नाही, कारण मला ठाऊक आहे. हे पत्र मी गुरिंगला वाचून दाखवले. ती म्हणते तसेच लिहिते: "त्याला म्हणावं, ट्रक तू चालवलास, पिंपं माझ्या नवऱ्यानं ढकलली. आत काय होतं ते दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं. नवरा तर वारला, त्याला मी आता काय विचारणार? तू आहेस तर ये. आणि पुढच्या दारानं ये." मी नवा ब्लाउज शिवायला टाकला आहे.