टॉलिव्हरच्या करड्या पेट्या

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

सत्तेचाळीस जण हसले! माझ्या एका ओळीवर!

दुपारी टॉलिव्हर हायस्कूलला गेलो होतो, त्यांच्या स्वयंपाकघराची गॅसची टाकी भरायला. उद्या आमच्या हॅस्केलचा त्यांच्याशीच सामना. जिमच्या मागे ओपल रेनिक करड्या पेट्या व्हॅनमध्ये चढवत होती. त्यांच्या टीमचे कपडे धुते, हेल्मेटं पुसते, कितीतरी वर्षं तेच काम. म्हटलं, “काय ओपल, सामान बांधलंस? उद्या हरल्यावर गाव सोडणार वाटतं!”

“हात लावू नकोस रे, हॅस्केलवाल्या. चव्वेचाळीस जर्सी आहेत, आत्ताच वाळल्यात. उद्या तुमची पोरं त्यांनाच नाक पुसणार आहेत.”

हसत हसत ट्रकमध्ये बसलो आणि काचेतून एक फोटो काढला. ती अर्धी वळलेली, हातात पेटी. घरी येऊन चावडीवर टाकला — आमच्या काउंटीच्या शाळांच्या फुटबॉलची ती वेबसाइट, दुसरं काय म्हणू तिला? तिथे मी ‘जुना लाइनमन’ — शाळेत असताना पुढच्या फळीत खेळायचो म्हणून. नऊ वर्षं झाली, माझं खरं नाव कोणालाही ठाऊक नाही. लिहिलं — “टॉलिव्हरवाल्यांना मैदानात जमत नाही, म्हणून मंगळवारची मतं आजच भरून ठेवली. पेट्या मोजून घ्या रे!” त्यांच्या जिममध्येच मतदान असतं ना.

बायकोला, नदीनला वाचून दाखवणार होतो. ती फोनवर होती. राहिलं.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

हरलो. २०–२१. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात बाहेर! शेवटच्या मिनिटाला आमचा टचडाउन, म्हणजे सहा गुण, रेफ्रीने परत घेतला. कशासाठी? कोणाला कळलं नाही. घोंगडीत गुंडाळलेली नदीन मला सारखी खाली बसवत होती.

चावडी पेटलीय. तिथलाच जुना ‘गोलपोस्ट’ लिहितो — “आज सामना ढापला, मंगळवारी देश ढापणार. लाइनमनचा फोटो नीट बघा.”

हा हसत नव्हता, ते मला कळलं होतं. तरी लाइकचा अंगठा दिला. डोकं फिरलं होतं.

शनिवार, २ नोव्हेंबर

फोटो माझ्या हातातून गेला. फुटबॉलच्या खोलीतून ‘बाकीच्या गप्पा’मध्ये, तिथून कुठल्या कुठे. माझी ओळ कापून टाकलीय. खाली नवी ओळ — “मतदान केंद्रावरून पेट्या हलवताना शाळेची कर्मचारी. प्रत्यक्ष पाहणाऱ्याने काढलेला फोटो.”

प्रत्यक्ष पाहणारा मी.

चावडी चालवणाऱ्याने मला एकट्याला लिहिलं — “मी सकाळी काढून टाकलाय. उपयोग नाही. दुपारपर्यंत नऊ हजार लोकांनी पुढे पाठवला होता.”

सोमवारपर्यंत विरेल. लोकांना दुसरं काहीतरी मिळेल.

रविवार, ३ नोव्हेंबर

चर्चमधून आलो. नदीन बटाटे सोलत होती. एकदम फोन माझ्यापुढे धरला.

“हे पाहिलंस? या बाईला ओळखतोस तू? टॉलिव्हरला जातोस ना गॅस घेऊन.”

“नाही.”

तोंडातून आपोआप निघालं. मग मागे कसं घेणार?

“आंधळे आहेत का हे लोक! झाकणाखालून बाही लोंबतेय, बघ. नंबरसुद्धा दिसतोय. कपडे आहेत रे ते! आणि खाली काय लिहिलंय वाच.” मी वाचलं नाही. मला पाठ आहे. “मंगळवारी आमचेही फोटो काढतील. मी मतपत्रिकांची पिशवी उचलली की झालं.”

नदीन अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मतदानाच्या टेबलावर बसते. हे अकरावं वर्ष.

“या वेळी नको जाऊस,” म्हटलं.

“मग कोणी बसायचं?”

संध्याकाळी पाच वाजता कोणीतरी ओपलचं नाव लिहिलं. सव्वापाचला रस्ता. साडेपाचला घराचा रंग, दाराशी कुंडी आहे हेसुद्धा.

मग मी लिहिलं. चार वेळा खोडून पाचव्यांदा — “फोटो मी काढला. पेट्यांत जर्सी होत्या, मला माहीत होतं. चेष्टा होती. बाईला सोडा.”

लिहून ठेवतो काय आलं ते —

“तुला कोणी गाठलं, लाइनमन?”

“हा आपला लाइनमन नाहीच. खातं चोरलंय कोणीतरी.”

“घाबरू नकोस, दोस्ता. आम्ही आहोत.”

“खरा असशील तर नाव सांग. पत्ता टाक.”

‘व्हर्लिन’मधलं ‘व्ह’ टाइप केलं. खोडलं. कॉम्प्युटर बंद केला. नऊ वर्षं या लोकांबरोबर हसलोय.

सोमवार, ४ नोव्हेंबर

टॉलिव्हरला गेलो. कंपनीच्या ट्रकने नाही, माझ्या पिकअपने. ठरवून गेलो होतो — दार वाजवायचं, ओपलला सगळं सांगायचं, हवं तर तिच्या पायरीवर उभं राहून घरावर पाळत ठेवणाऱ्या सगळ्यांना ओरडून सांगायचं.

साडेतीन वाजले होते. घरासमोर तीन गाड्या. पिवळं घर, पडदे ओढलेले. माझी चौथी. इंजिन बंद करतो तोच काचेवर टकटक. आमच्या हॅस्केलची टोपी घातलेला माणूस. सत्तरीचा असेल. गुडघे दुखत असावेत, एकेक पाऊल जपून टाकत होता.

“कुठला तू?”

“हॅस्केल.”

“म्हणजे आपलाच!” थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून दिली. मी घेतली. नाही कशी म्हणायची? “मी गोलपोस्ट. चावडीवर असतोस ना?”

“वाचतो कधीकधी.”

“लाइनमनचं वाचलंस काल? बिचारा. त्याच्या घरच्यांना धमकावलं असणार, नाहीतर तो असं लिहायचा नाही. मी त्याला नऊ वर्षं ओळखतो. त्याच्यासाठीच बसलोय आम्ही इथे.”

मग शुक्रवारच्या रेफ्रीवर बोलला. त्याची नात आमच्या शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवते, ते सांगितलं. डब्यातला मक्याचा केक दिला — बायकोने केलेला, अजून कोमट होता. चांगला माणूस आहे. हे लिहिताना अंगावर काटा येतोय, पण चांगला माणूस आहे तो! त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर बंदूक होती.

“आत आहे ना ती?” मी विचारलं.

“आहे. दुपारी पडदा हलला. पण पेट्या काही बाहेर काढत नाही. हुशार आहे.”

एकटी बाई. दिवसभर आत. कचरासुद्धा बाहेर टाकत नाही, तर म्हणे हुशार.

माझ्या गाडीपासून तिच्या दारापर्यंत पंधरा-वीस पावलं. मी चाळीस मिनिटं बसलो. दाराकडे चालू लागलो असतो तर गोलपोस्ट काय म्हणाला असता? दुसऱ्या गाडीतले दोघे खाली उतरले असते का? आणि ओपलने दार उघडलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं माझ्या?

वरच्या खिडकीत ती दिसली. एकच क्षण. सरळ माझ्याकडे बघत होती.

गाडी सुरू केली आणि निघालो. गोलपोस्टने हात केला. मीही केला.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

नदीन पहाटेच गेली. सँडविच, सफरचंद आणि गुडघ्यांवर घ्यायची शाल घेऊन. मी दिवसभर गॅस भरत फिरलो. रेडिओ लावला नाही.

दुपारी मत द्यायला गेलो. टेबलावर तीच. नियमच आहे म्हणून विचारलं, “नाव?”

“व्हर्लिन स्ट्राउड.”

“पत्ता?”

“तुझाच,” म्हटलं. रांगेतले हसले. ती हसली नाही. तिची नजर माझ्या खांद्यावरून पार्किंगकडे. तिथे एक माणूस गाडीच्या टपाला कोपर टेकवून आत येणाऱ्या-जाणाऱ्यांचं शूटिंग करत होता. अनोळखी. मी त्याच्याजवळ गेलो. मी! म्हटलं, “कशाला काढतोयस?”

“टॉलिव्हरचं पाहिलं नाहीस का, काका?”

नदीन साडेनऊला घरी आली. बूट काढून नुसती बसून राहिली. टॉलिव्हरला शाळेच्या व्हॅनच्या काचा फोडल्या, म्हणाली. आत नुसती हेल्मेटं निघाली.

“त्या बाईचं काही कळलं?”

“नाही. तुला का एवढं?”

“सहज.”

बुधवार, ६ नोव्हेंबर

निकाल लागला. चावडीवर निम्मे नाचतायत, निम्मे गप्प. एकाने विचारलं, “अरे, त्या टॉलिव्हरच्या पेट्यांचं पुढे काय झालं?”

गोलपोस्टने उत्तर दिलं — “आता काय करायचंय! जिंकलो ना.”

एवढंच.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो.

शनिवार, ९ नोव्हेंबर

‘जुना लाइनमन’ बंद केला. नवं नाव घेतलं, ‘उत्तरेचं गेट’. टॉलिव्हर काल पुढच्या फेरीत हरलं, त्यावर चार ओळी लिहिल्या. त्यांची मधली फळी थकली होती, वगैरे. सहा जणांना पटलं. गोलपोस्ट म्हणाला, “नवीन आहेस, पण खेळ कळतो तुला. स्वागत!”

कोणी ओळखलं नाही. ओपलकडे जावं असं वाटतंय. पण आता नाव निघत नाही तिचं कुठे. जाऊन पुन्हा कशाला उकरायचं? बाईला विसरायचंच असेल. पुढच्या महिन्यात टाकी भरायला जाईन तेव्हा बघू.

हे खोटं आहे. पुढच्या महिन्यात त्या शाळेची फेरी दुसऱ्याला द्यावी असं मी कालच ऑफिसात सांगितलंय.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलिसांच्या, ऑफिसातून फोन आला होता. मी कामावर होतो, नदीनने घेतला. ओपलने तक्रार केलीय. घरासमोर बसलेल्यांच्या गाड्यांचे नंबर दिलेत, आणि माझं नाव वेगळं दिलंय — साक्षीदार म्हणून. तक्रारीत तिने म्हटलंय, “पेट्यांत जर्सी होत्या हे गॅसवाल्या स्ट्राउडला मी स्वतः सांगितलं होतं. फोटो काढला तेव्हा तो तिथेच होता, कोणी काढला ते त्याने नक्की पाहिलं असेल. सोमवारी माझ्या काळजीने आलेला तो एकटाच.”

नदीनने एवढंच विचारलं, “ओळखत नाही म्हणाला होतास ना?” मग उत्तराची वाट न बघता, “असू दे. घाबरला असशील.”

उद्या दहाला जायचंय. ती रजा घेऊन सोबत येतेय. म्हणाली, “खरं बोलायला चाललायस. एकटा कशाला जातोस?”