तिसऱ्या तळ्याचा तक्ता

रविवार, ८ फेब्रुवारी
संध्याकाळचे सहा

प्रिय बगळ्या,

तू वेळेवर जेवत असशील आणि आईच्या डोक्याला फार ताप देत नसशील, असं धरून चालते. माझे गुडघे अजून जागेवर आहेत. सायकलची चेन दोनदा पडली, बाकी मी धडधाकट. एकसष्टाव्या वर्षी एका दिवसात तीन तळी सायकलने करणाऱ्या बाईला तुझी आई काय म्हणेल ते मला पाठ आहे, म्हणून हे पत्र आधी तू एकटा वाच.

फोन करता आला असता. पण फोनवर तू "जाऊ दे गं मावशी" म्हणशील आणि मी खरंच जाऊ देईन. गेले तीन आठवडे तेच तर करतेय.

आज वार्षिक पक्षीगणना झाली. तू तळ्याच्या रखवालीवरून निलंबित, त्यामुळे माझ्या जोडीला पोस्टमास्तर आले. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी माणूस प्रत्येक वाक्यावर शिक्का मारल्यासारखं बोलतो. तुला आपली पद्धत माहीतच आहे: एकाने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं, शेवटी तक्त्यावर दोघांनी सही करायची. तू लिहायचास तेव्हा अक्षर गचाळ, पण तोंड बंद असायचं. हे मात्र पहिल्या तळ्यापासून सुरू. "बाई, टिबुकल्या एकोणीस की वीस? बुडालेली एक धरायची का?" वर येईपर्यंत थांबा म्हटलं, तर घड्याळ बघत बसले.

मग तुझ्यावर आले. "तुमच्या भाच्याचं वाईट वाटतं हो. पण रखवालदारानेच घरट्याची जागा फोडायची, म्हणजे बोलायचं कुणाला?"

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. समोर अकरा शेकाटे होते, एका रांगेत, अगदी स्तब्ध उभे. मी ते तीनदा मोजले.

दुसऱ्या तळ्याच्या बांधावर त्यांच्या मागच्या चाकातली हवा गेली. ते पंप काढून बसले आणि मी पुढे निघाले. वळणावर तो भेटला. कॅमेरेवाला. हिरवी टोपी, खांद्यावर तोफेएवढी लेन्स. मला बघून एवढा खूश झाला की सायकलसमोरच येऊन उभा राहिला. "बाई, तुमच्यामुळे जन्मात एकदाच मिळतो असा फोटो मिळाला!" असं म्हणत त्याने कॅमेऱ्यावर दाखवलाच. पाणलाव्याचा नर अंड्यांवर बसलेला. चार अंडी. समोरचं लव्हाळं कापून टाकलेलं, फोटोत आडवं येऊ नये म्हणून.

मागून सायकलची घंटी वाजली. मी त्याला म्हटलं, "एक अक्षर बोलू नका. निघा इथून." तो गोंधळून गेला आणि निघून गेला. पोस्टमास्तरांनी विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "वाट चुकलेला."

आता ते कसं झालं, हे सांगायलाच हवं. महिन्याभरापूर्वी चहाच्या टपरीवर हा माणूस चारचौघांत छाती फुगवून सांगत होता की पाणलावा या भागात घरटं करतच नाही, पुस्तकात तसं छापलंय. तुला माझा स्वभाव माहीत आहे. छत्तीस वर्षं फळ्यावरच्या चुका पुसण्यात गेली. कुणी चुकीचं बोललं की माझी जीभ शिवशिवते. मी म्हटलं, "करतो. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय." तो हसला. त्या हसण्यासाठी मी सगळं सांगितलं रे. तिसरं तळं, पाण्याचा मोडका पंप, त्याच्या डाव्या हाताला वीस पावलं. घरट्याची जागा वहीतसुद्धा लिहायची नाही, हे तुला शिकवणारी मीच. आणि तू ती जगात एकाच माणसाला दाखवली होतीस.

बाराच्या सुमारास आम्ही तिसऱ्या तळ्यावर पोचलो. तुझ्या खोलीला नवं कुलूप आहे. तुझी चहाची किटली खिडकीत पालथी दिसली. पंपापासून पायवाट पडली आहे, इतक्या माणसांची की दोन सायकली शेजारी शेजारी जातील. घरटं रिकामं. एक अंडं चिखलात फुटलेलं, बाकीची कुणी नेली कोण जाणे. नर कुठेच नव्हता. आम्ही तासभर बसलो.

पोस्टमास्तरांनी लिहिलं: पाणलावा, शून्य. मग शेऱ्याच्या रकान्यात सावकाश, वळणदार अक्षरात: "रखवालदाराने जागा उघड केल्यामुळे घरटे नष्ट." आणि तक्ता माझ्यापुढे धरला. म्हणाले, "गुरुवारच्या चौकशीत हा लागेल."

"तुम्ही खात्रीने कसं लिहिता?" मी विचारलं.

"अहो, वनखात्याच्या साहेबांनी त्याला विचारलं ना, जागा आणखी कुणाला ठाऊक होती? कुणालाच नाही म्हणाला. स्वतःच्या तोंडाने."

बगळ्या, मी सही केली.

पेन त्यांचंच होतं. मी सही केली, टोपण लावलं, पेन परत दिलं आणि वर "चला, ऊन वाढलंय" असंही म्हटलं. घरी येऊन हातपाय धुतले. ताट वाढलं आणि तसंच झाकून ठेवलं. तू पहिल्याच दिवशी ओळखलं असणार. दोघांनाच माहीत, त्यातला एक तू. तरी तू साहेबांपुढे उभा राहून "कुणालाच नाही" म्हणालास, आणि तीन आठवड्यांत मला एका शब्दाने विचारलं नाहीस. तुझी नोकरी जाईल, बाळा. त्या तळ्याशिवाय तुला दुसरं काही येत नाही आणि नकोही आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

चार वाजता पुन्हा सायकल काढली आणि पोस्टमास्तरांच्या दारात गेले. तक्ता मागितला. म्हटलं, सही खोडायची आहे. ते म्हणाले, "खोडलं तर कारण लिहावं लागतं, बाई. नियम आहे." मी उभ्या उभ्या लिहिलं: "शेरा खोटा आहे. जागा मी सांगितली." खाली पुन्हा सही केली.

त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. चहाचंही विचारलं नाही. दार लावताना एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी दुसरा जोडीदार बघा." बरोबरच बोलले.

उद्या दहा वाजता मी साहेबांकडे जाते आहे. मला गणनेतून काढतील, तळ्यांवर बंदी घालतील, घालू देत. हे पत्र जाताना टाकते, बुधवारपर्यंत तुला मिळेल. मला माफ कर असं लिहिणार नाही. लिहिलं तर तू लगेच करशील, आणि ते मला झेपणार नाही. आईला हवं तर आता दाखव. ती मला जे बोलेल ते तिला बोलू दे, मध्ये पडू नकोस.

गुरुवारी ते तुला पुन्हा विचारतील, आणखी कुणाला ठाऊक होतं. दाराकडे बघू नकोस, मी बाहेरच्या बाकावर असेन. माझ्यासाठी एकदा खोटं बोललास तेवढं पुरे. या वेळी माझं नाव घे.

तुझ्या पाठीमागे तीन आठवडे लपलेली,
तुझी मावशी