मानेचं दुखणं

४ जाने.
शाळेची रजा वाढवली. नागपूरहून येऊन आठवडा झाला. रडू थांबलंय, झोप लागते. डॉक्टर म्हणाले, नैराश्य आहे, गोळ्या वर्षभर तरी, मधे सोडायच्या नाहीत. ते सगळं नागपूरलाच राहिलं. इथे सौंसरला मला 'मानेचं दुखणं' आहे. सासूबाईंनी गल्लीत तसंच सांगितलंय, आणि कोणी आलं की मी मानेला पट्टा बांधायचा. पट्टा सुधीरने आणला. नवरा आहे खरा, पण आधी आईंचा मुलगा.

९ जाने.
समोरच्या काकू तेल घेऊन आल्या. "मॅडम, वाकून कापी तपासून राहिल्या असान, त्याच्यानंच झालं." पट्टा सोडवून स्वतः मान चोळली. न दुखणारी मान! इतकं बरं वाटलं की रडूच आलं. काकूंना वाटलं, फार दुखतंय. अजून हळू चोळायला लागल्या. आई दारात उभ्या, चेहरा पाहण्यासारखा.

१७ जाने.
आमच्याकडे हळदीकुंकू. पट्ट्यावरून मंगळसूत्र, थाट काय विचारता. एक म्हणे उशी काढा, दुसरी म्हणे दोन घ्या. मी आपली हो हो. सगळ्या गेल्यावर हसत सुटले, एकटीच. आई घाबरल्या. आता हसायचीही चोरी.

२३ जाने.
आई जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आल्या. माझ्या मानेसाठी नवस बोलल्या म्हणे. मानेसाठी! म्हणजे मारुतीलाही खरं सांगितलं नाही. आधी राग आला. मग पाहिलं, उन्हातून चालून पाय सुजलेत त्यांचे. माझ्यासाठीच ना.

३० जाने.
पट्टा काढायचा हुकूम झाला. महिना झाला, लोक विचारतात. मी खूश. पाठोपाठ आई म्हणाल्या, "मान बरी झाली न? मंग गोळ्या कायले खाऊन राहिली?"
"आई, गोळ्या मानेच्या नाहीत."
"मले नोको शिकवू. सांगतलं ना, झालं बरं!"
त्यांना खरंच तसं वाटतंय की काय? दिवाळीनंतरचे दिवस… फळ्याकडे तोंड करून उभी राहायचे, मुलांकडे वळताच यायचं नाही. परत तिथे जायचं नाही मला. काही झालं तरी नाही.

२ फेब्रु.
सुधीरला म्हटलं, सहा तारखेला दाखवायचंय, गोळ्या संपत आल्या. तर म्हणाला, "आता कशाचं नाव सांगून जायचं? पट्टा तर निघाला."
"आजाराचं नाव सांग."
"आई लोकाइले काय सांगन?"
मी कशी आहे, हे नाही विचारलं. रागावून जेवले नाही. पण मी एकटी निघणार म्हटल्यावर त्याने रजा टाकली.

६ फेब्रु.
नागपूरच्या बसमध्ये नेमक्या समोरच्या काकू, लोधीखेड्याला लेकीकडे निघालेल्या. "कुठी चालले जोडीनं? मान परत धरली काय?"
सुधीर म्हणाला, "हव, मानच." आणि मी म्हणाले, "नाही काकू. मनाच्या डॉक्टरकडे. मान कधी दुखलीच नव्हती." कसं निघालं तोंडून देव जाणे. लोधीखेडा आलं. उतरताना काकूंनी नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सावनेरला सुधीरने बाटली काढली. मग म्हणाला, "पाणी पिते?"

डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. त्याच गोळ्या.

संध्याकाळी काकू लेकीकडून परतून थेट दारात. "सूनबाईशी बोलायचं होतं." आईंनी 'झोपली' म्हणून परत पाठवलं. उद्या येते म्हणाल्या. मग आई माझ्यापुढे बसल्या. "काय सांगतलं तू तिले?" सांगितलं, जे सांगितलं होतं ते सगळं. वाटलं, आता आभाळ कोसळणार. त्यांनी उठून ताट वाढलं.
"जेवून घे. रिकाम्या पोटी गोळी नोको घेऊ. अन् उद्या काकू आल्या की मी बोलीन. मानेचंच होतं म्हणून सांगीन. तू आतच राह्य."

जेवले. गोळी घेतली. आत राहायचं की नाही, ठरत नाहीये.