आप्पांचं सहाचं कार्टून

अहो,

तुमचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही, कागदावर तरी कसं लिहू? आज सहाला टीव्ही लावला, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच. त्यानंतर जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरेना, म्हणून लिहायला बसले.

तुमचं ते जपानी कार्टून लागलं. तीच पोरं, तीच शाळा, तोच मास्तरांचा ओरडा. स्वाती लहान असताना तुम्ही तिला मांडीवर घेऊन बघायचात. ती लग्न होऊन हडपसरला गेली, तुम्ही बघतच राहिलात. आता तिची पोरगी जेवताना तेच मागते. एकदा मी चिडवलं, "तुमचंबी नाव शाळंत घालू का?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "आपली पोरगी मोठी झाली आन् गेली. ही पोरं हायेत तिथंच हायेत बघ. ये की, बस जरा." मी भाकऱ्या थापत होते. पाच मिनिटं येऊन बसले असते तर काय बिघडलं असतं?

बाहेर मात्र केवढा तुमचा दरारा! गावच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये आप्पा बोलले की बाकीचे गप्प. घरात कुणी आलं की लगेच बातम्या लावायचात. कुणाला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. मी ती पाळली.

दहाव्यालासुद्धा पाळली, आणि तेच मला खातंय. नदीवर पिंडाला कावळा शिवेना. तुमची काय इच्छा राहिली असेल म्हणून एकेक जण पुढं येऊन शब्द देत होता. भाऊजी म्हणाले, विहिरीचं काम पुरं करतो. स्वाती म्हणाली, आईला एकटी ठेवणार नाही. कावळे झाडावरच. मला माहीत होतं हो. पण सगळ्या भावकीत कसं म्हणू, की रोज कार्टून लावीन? मी तुमचा मान राखला. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आले. स्वातीचा आता रविवारी फोन येतो.

आज कार्टून चालू असताना भाऊजी दूध घेऊन आले. माझा हात रिमोटकडे गेला, पण बदललं नाही. म्हटलं, "तुमच्या दादांचं हाय हे. रोज बघायचे."

"ठावं हाय की वहिनी," ते म्हणाले. "समद्या आळीला ठावं व्हतं. आमी दारात मुद्दाम खाकरायचो, दादांना चॅनल बदलायला टाइम मिळावा म्हणून."

ते गेल्यावर मी रडले. मग नदीवर मी कुणापासून लपवत होते? तुम्ही तिथं ताटकळत राहिलात का माझ्या लाजेपायी?

त्या दिवशीचा शब्द आता देते. रोज सहाला लावीन. चुलीपासून नुसतं ऐकणार नाही, समोर बसून बघीन, आणि कुणीही आलं तरी बदलणार नाही. तुम्ही आता अडकून राहू नका. मला करमणार नाही, पण तुम्ही जा.

तुमची,
सुमन