नागपंचमीला दिलेला पाट

॥ श्री ॥

पेडणे, गोवा
१४ ऑगस्ट १९९४

चि. विनोदिनी,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. त्यात 'पाय कसा आहे' हे तू तीनदा विचारले आहेस; एकदा पुरले असते. पाय आहे तिथेच आहे. घोट्यात पोलादी पट्टी घालून स्क्रूंनी आवळली आहे, वर गुडघ्यापर्यंत प्लास्टर. शेजारच्या रघुनाथची म्हैस माझ्या भेंड्यांत शिरली आणि तिला हाकलताना पागोळीखालच्या शेवाळावरून मी घसरले. म्हैस ठणठणीत आहे.

बेळगावला तुझ्याकडे येऊन राहण्याबद्दल पुन्हा लिहू नकोस. घर सोडून मी कुठेही जाणार नाही, आणि सध्या तर मुळीच नाही. का, ते सांगते.

माझी खाट जनेलाखाली (तुमच्या बेळगावात खिडकी म्हणतात), देवाच्या खोलीसमोर लावली आहे. दार उघडे असले की मला आतली भिंत दिसते. त्या भिंतीवर गणपतीचा पाट टांगलेला असतो, तो फणसाच्या लाकडाचा, सासऱ्यांनी करून घेतलेला. गुरुवारी, नागपंचमीला, मी दुपारी जरा डोळा लागून उठले तर भिंतीवर पाट नाही. नुसता खिळा.

सिंधू स्वयंपाकघरात होती. सिंधू म्हणजे माझी धाकटी जाऊ, माझ्या दिराची, अविनाशची बायको. ऑपरेशन झाल्यापासून म्हापशाचे बिऱ्हाड सोडून इथे येऊन राहिली आहे. मी बोलावले नव्हते. ती तिच्या बोलीत बोलते, मी मराठीत उत्तर देते. राजभाषेवरून सगळा गोवा भांडत होता तेव्हाही आमच्या स्वयंपाकघरात असेच चालले होते, आणि दोघींनाही मीठ कुठे आहे ते बरोबर कळत होते.

मी हाक मारली. "सिंधू, पाट कुठे गेला?"

"पाट? तो धुवन मागीलदारी सुकत घातलो हा, वयनी."

"या पावसात?"

"पावसात आनीक नितळ होता मगे," म्हणाली आणि हसत आत गेली.

विनू, मी आयुष्यभर वर्गात उभे राहून मुलांच्या नजरा वाचल्या आहेत. खोटे बोलणारे मूल आधी हसते. शिवाय तिच्या लुगड्याच्या काठाला चिकणमाती लागली होती. आमच्या अंगणात तांबडी माती आहे. करड्या रंगाची चिकणमाती या वाड्यावर, सगळ्या वस्तीत, एकाच ठिकाणी असते: सगुण चाऱ्याच्या गणपतीच्या शाळेत, तो मूर्ती घडवतो तिथे.

तुला बेळगावात राहून विसर पडला असेल म्हणून लिहिते. आपल्याकडे नागपंचमीच्या सुमाराला घरोघरचे पाट मूर्ती करणाऱ्याकडे जातात. ज्याचा पाट, त्याचा गणपती. पाटावर माती चढली की तो गणपती कोणाच्या घरी जायचा ते ठरले, मग त्यात बदल नाही. या घरचा पाट दरवर्षी मी स्वतः, नारळ आणि विडा घेऊन, सगुणकडे पोचवते. हे वारल्यावरसुद्धा मीच पोचवला.

आता पुढचे ऐक. त्याच्या आदल्या रविवारी अविनाश आला होता. सोप्यावर बसून दोघे हळू बोलत होते. मला वाटते माणसे समजतात की पाय मोडला म्हणजे कानही जातात. अविनाश म्हणाला, "यंदा चवथ म्हापशाक करूया. वयनीच्या पायाचो विचार करूक होयो. ती काय करतली हंय पडून?" त्यावर सिंधू काही बोलली ते पावसात ऐकू आले नाही. पण मग चार दिवसांत पाट नाहीसा होतो, ही खोटे बोलते आणि हिच्या लुगड्याला शाळेतली माती. दोन आणि दोन किती, हे मला कोणी शिकवायला नको.

'यंदा' म्हणतात. विनू, एकदा मूळ घरातून उठलेला गणपती परत आलेला मी तरी पाहिलेला नाही.

तसे झाले तर काय होईल म्हणशील. काही होणार नाही. घर भक्कम आहे, कौले मे महिन्यातच चाळली आहेत. चवथीला माणसे येणार नाहीत एवढेच. मग दिवाळीला येण्याचेही कारण उरत नाही. मग पेडण्याला एक बाई राहते, तिला मूलबाळ नाही, एवढेच लोक सांगतील. ते खरेच आहे, पण ते सांगण्याची पद्धत असते.

म्हणून मी काल एक काम केले. सिंधू बाजाराला गेली असताना पांडुरंग पायलटला जनेलातून हाक मारली. (भाड्याची मोटरसायकल चालवणाऱ्याला इकडे पायलट म्हणतात. विमानवाले म्हापशालासुद्धा नाहीत.) माळ्यावरून दुसरा पाट काढायला लावला. माझ्या लग्नात ज्याच्यावर मी बसले होते तो. तो सगुणच्या शाळेत पाठवला आणि निरोप दिला, "सुमंगलाबाईंच्या घरचा गणपती या पाटावर, मागच्या वर्षीएवढाच." पांडुरंग म्हणाला, सगुण नव्हता, त्याच्या बायकोने पाट घेतला आणि निरोप सांगते म्हणाली. आता म्हापशाला काय न्यायचे ते नेऊ देत. या घराचा गणपती या घरात येईल.

सिंधूला यातले काही कळलेले नाही. ती मला न्हाणीपर्यंत नेते आणि आणते. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

मुलांना आशीर्वाद. यजमानांना नमस्कार.

तुझी,
ताई


पेडणे
३१ ऑगस्ट १९९४

चि. विनू,

आशीर्वाद. पाय बरा आहे. प्लास्टर काढले, आता कुबड्या. डॉक्टर म्हणतात पूर्वीसारखी चाल येणार नाही. मी त्यांना म्हटले, पूर्वीसारखे डॉक्टर तरी कुठे येतात. त्यांना ते आवडले नाही.

सिंधू रविवारी म्हापशाला गेली. मला पेज रघुनाथची बायको आणून देते.

तू विचारायच्या आधीच लिहिते. मी सिंधूला चोर ठरवले होते. पाट तिनेच नेला होता हे अगदी खरे. खोटे बोलली हेही खरे. माझा तर्क प्रत्येक पायरीला बरोबर होता. फक्त ती कुठल्या घरासाठी तो घेऊन गेली, हे मी विचारले नाही.

रविवारी अविनाश आला तो थेट देवाच्या खोलीत शिरला. बाहेर येऊन सिंधूला विचारले, "पाट खंय?" तो पाट त्याला म्हापशाच्या मूर्तिकाराकडे न्यायचा होता. सिंधू तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पंचमीच्या दिसाच सगुणाक दिलो. ह्याच घरासाठी. आता तुमी काय करतास ता करा." तो तावातावाने सगुणच्या शाळेत गेला. परत आला तेव्हा तोंडावर हसू होते, आणि मला ते हसू मुळीच आवडले नाही.

"वयनी, तू माज्या फुडे गेलंस," म्हणाला. "थंय आमचे दोन गणपती आसत. एक बाबांच्या पाटार, एक तुज्या. बाजूबाजूक, जुळ्या भावांसारखे. सगळ्या वाड्यार झाला, ह्यांचो गणपती वेगळो झालो म्हणान. माका काय्येक करूक लागला नाय. एक हंय ठेव, एक माका दी."

सिंधूने माझ्याकडे पाहिले. मी पाट का पाठवला, हे मला सांगावे लागले नाही. तिने सुपातले तांदूळ परत डब्यात ओतले.

"माका विचारूचा होता, वयनी."

"तू खोटे का बोललीस?" मी म्हटले. तेवढेच माझ्याकडे उरले होते.

"तुका सांगला असता तर तू त्याच दिसा ह्यांच्यार तोंड सोडला असता. तुज्या तोंडाक कडी खंय आसा? मगे हे हट्टाक पेटान पाट घेवन गेले असते. म्हणान गप रवलंय. एकदा माती चढली की तुमचा सगळ्यांचा भांडण मिटला, असा वाटला माका." मग सूप भिंतीला टेकवून, "मी तुजा न्हाणा-धुणा केला, आणि तू देवाच्या पाटासाठी माज्यार पाळत ठेवलंस."

नंतर पिशवी भरली. जाताना माझ्या खाटेजवळ पाण्याचा तांब्या आणि घंटी ठेवून गेली. मला वाटते रागाने ठेवली. रागाने का होईना, हाताला लागेल अशीच ठेवली.

सोमवारी मी सगुणला बोलावून घेतले. चांगला झोडपायचा विचार होता. "सगुण, एका घरचे दोन पाट आले, तुला एकदा विचारता आले नाही?"

तो उंबऱ्याजवळ उभा राहून छत्रीचे पाणी निथळत राहिला. "बाई, एका घराचे दोन पाट इले की आमी विचारीत नाय. विचारलां की माणूस रडता. दर वर्सा एकदोन घरां अशी होतत. आमी गप दोन करतंव."

"मग दुसरा मोडून टाक. रंग नाही दिलास ना अजून?"

"डोळे काडले, बाई."

डोळे रेखून झालेली मूर्ती शाळेत मागे ठेवता येत नाही, हे मलाही माहीत आहे. ती कोणाच्या तरी घरी गेलीच पाहिजे. आणि दुसरा गणपती दुसऱ्या घरी गेला, की दोन घरे झाली.

मला जे होऊ द्यायचे नव्हते, ते अविनाशला जमले नसते विनू. त्याच्यात तेवढी चिकाटी नाही. ते मी खाटेवर पडल्या पडल्या करून दाखवले.

तू सिंधूची बाजू घेशील. घे. पण पत्रात लिहू नकोस, मला ती माहीत आहे.

ताई


पेडणे
३ सप्टेंबर १९९४

चि. सौ. सिंधू,

अनेक आशीर्वाद.

तुला मी आजवर पत्र लिहिलेले नाही, त्यामुळे हे पाहून घाबरू नकोस. मी पडलेली नाही. कुबड्या घेऊन काल तुळशीपर्यंत गेले आणि परत आले. पांडुरंगच्या हाती पाठवते आहे. तो उत्तरासाठी थांबेल, त्याला चहा दे, साखर कमी घाल, गप्पा मारत बसेल.

मी तुझ्यावर संशय घेतला. तो चुकीचा होता. हे मी तुझ्यासमोर बोलायला हवे होते, पण तू पिशवी भरत होतीस आणि मला तुझ्यामागे दारापर्यंत येता येत नव्हते. येता आले असते तरी आले असते का, हे मला नक्की सांगता येणार नाही. म्हणून लिहून देते.

आता कामाचे. अविनाशला एक गणपती म्हापशाला न्यायचा आहे. नेऊ दे. त्याला अडवण्याचा हक्क मी माझ्या हाताने घालवला. पण माझ्या पाटावरचा न्यायचा. सासऱ्यांच्या पाटावरचा या घरातच बसेल, तसाच तू तो सगुणला सांगितला होतास.

माझे म्हणणे असे आहे. चवथीला तू इथे ये. या घरातला नैवेद्य तू करायचा, गणपतीवरची फळापानांची माटोळी तू सांगशील तशी बांधायची, दारात आल्यागेल्याला तू बसा म्हणायचे. मी म्हापशाला जाते. संशयाने जो गणपती घडवला त्याचे मलाच करायला हवे. तुमच्या जिन्याला तीन वळणे आहेत. कुबड्यांनी चढायला वेळ लागेल, म्हणून मी आदल्या दिवशी निघते. अविनाश पूजेसाठी दोन्हीकडे धावेल. त्याचे दोन्ही पाय धड आहेत.

थोरली सून म्हापशाच्या फ्लॅटमध्ये आणि धाकटी मूळ घरात, असे पाहिल्यावर हे घर कुठून कुठे वेगळे झाले ते वाड्यावरच्या लोकांनी खुशाल शोधत बसावे.

मी या घरात आले तेव्हापासून एकही चवथ बाहेर केलेली नाही. हे तुला वाईट वाटावे म्हणून लिहीत नाही. किती अवघड काम मागते आहे ते मला ठाऊक आहे, एवढे तुला कळावे म्हणून लिहिते.

पातोळ्यांत गूळ बेताने घाल, तुझा हात सैल आहे. हळदीची पाने विहिरीमागची घे, पुढची किडकी आहेत. बाकी तुला सगळे येते. इतकी वर्षे मी मध्ये उभी असे म्हणून दिसत नव्हते.

नाही म्हणायचे असेल तर पांडुरंगकडे तसे सांग. मी पुन्हा विचारणार नाही, आणि मनात धरणारही नाही. यातले दुसरे मला जमेल की नाही, ते तू येऊन पाहा.

तुझ्या येण्याची वाट पाहणारी,
आणि तू आलीस की घर तुझ्या स्वाधीन करून निघणारी,

तुझी थोरली जाऊ
सुमंगला