खालच्या मजल्यावरचं गाणं

प्रिय भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा आहे तसाच आहे आणि ते अजूनही, लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी, कुठल्याही इमारतीत गेले की लिफ्टचं दार कान देऊन ऐकतात आणि मान हलवतात. फोन केला असता, पण मी सुरुवात केली की तू "आई, तालमीत आहे गं" म्हणतेस, आणि मला जे सांगायचंय ते तालमीतल्या पाच मिनिटांच्या सुट्टीत मावणारं नाही. शिवाय फोनवर तू माझा आवाज ऐकतेस आणि पहिल्या शब्दालाच ओळखतेस की बाईंचं काहीतरी बिनसलंय. कागदावर निदान मला आधी बोलून घेता येईल.

तुझी मुलाखत ऐकली. रविवारी सकाळी, मी आणि बाबा दोघांनी. मी केस विंचरून बसले होते, रेडिओ असूनही. त्या निवेदिकेने आधी तुझ्या जुन्या गाण्यांचं सगळं सांगितलं. ते चंदेरी बूट, ती मैदानं, तेरा वर्षं ज्या गाण्यांवर पोरं नाचली ती गाणी. तुला माहीतच आहे, ती मला कधी आवडली नाहीत. त्या ढोलाच्या मशीनखाली शब्द चिरडून जात असत. पण एक सांगते, जे तुला कधी सांगितलं नाही. त्या तिसऱ्या गाण्यात शेवटी तू जो सूर धरायचीस ना, सोळा मात्रांचा, तो मी दर वेळी बोटांवर मोजायचे. आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांना सांगायचे, की गाणं तिचं आहे पण श्वास माझा आहे. कॉलनीतल्या सगळ्यांना हे वाक्य पाठ झालंय. बाबा तर मी तोंड उघडायच्या आतच म्हणून टाकतात.

मग निवेदिका नव्या अल्बमकडे वळली. एक गिटार, एक तू, आणि मधे मधे ती शांतता. तिने विचारलं, की एवढं सगळं सोडून असं हळू, असं कानाशी बोलल्यासारखं गाणं तुम्ही कुठे शिकलात? मी चहाचा कप खाली ठेवला. पाठ सरळ केली. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि आवाज वाढवला. आणि तू म्हणालीस, "आमच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक मावशी राहायची. खरं गाणं मी तिच्याकडून शिकले." माझ्याबद्दलही बोललीस, नाही असं नाही. "आईने श्वास शिकवला, ती फार शिस्तीची होती." होती. मी काय मेले का?

मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन धुतलेले कप पुन्हा धुतले. बाबा दारात येऊन म्हणाले, "तिने तुझं नाव घेतलं की." मी म्हटलं, "हो, सायकल शिकवणाऱ्याचं घेतात तसं." त्यांना हसू येत होतं हे मला पाठमोरीलाही कळलं.

गेले तीन आठवडे मी जळते आहे, भिंगरी. दुसरा शब्द नाही. तीस वर्षं त्या पियानोवर मी दुसऱ्यांच्या पोरांचे बेसूर गळे सरळ केले, आणि स्वतःच्या पोरीने एका बाईला गुरू केलं, जिला सा कुठे आहे हेही कुणी दाखवलं नव्हतं. तुझा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो चुका काढायला. सापडल्याही. तुझा श्वास ऐकू येतो. आमच्या धंद्यात श्वास ऐकू येणं म्हणजे आतल्या कपड्याची पट्टी बाहेर दिसणं. ओळीच्या मधेच तू थांबतेस, शब्द अर्धा हवेत ठेवून, आणि मग पुन्हा उचलतेस. ही सवय मी तुझ्या सातव्या वर्षीच मोडली होती, असा माझा समज होता. आणि वर्तमानपत्रातला तो समीक्षक लिहितो, की तिच्या थांबण्यात तिचं सगळं गाणं आहे.

तुला ती खोली आठवते तशी मलाही आठवते. जिना उतरलं की डावीकडे, मागच्या अंगणात उघडणारी खिडकी, खिडकीशी पायाचं मशीन. दुपारी तीन ते सहा माझ्याकडे शिकवण्या असत, आणि तू समोर असलीस की मुलांचं लक्ष उडायचं, म्हणून मीच तुला खाली पाठवायचे. मीच. तू लोहचुंबक घेऊन तिच्या टेबलाखाली टाचण्या गोळा करायचीस. तिला तू टीपमावशी म्हणायला लागलीस, कारण ती दिवसभर म्हणायची, एवढी टीप मारू दे मग बोलते. मशीन चालू असलं की ती गायची, मशीन थांबलं की गाणंही थांबायचं, ओळ कुठे का असेना. मग पाय पुन्हा चालू, गाणं पुन्हा चालू. तू वर येऊन तसंच गायचीस. मी म्हणायचे, ओळ पुरी कर. तू म्हणायचीस, "पण तिथे थांबायचं असतं, आई." मी विचारायचे का, तर तुला सांगता यायचं नाही.

आणि मग शाळेची ती गाण्याची स्पर्धा. तीन महिने मी तुझ्याकडून ते गाणं घोटून घेतलं होतं. परीक्षकांत माझ्या ओळखीच्या दोघी होत्या. दुसऱ्या कडव्यात तू ओळीच्या मधे थांबलीस. तुझ्या चेहऱ्यावर विसरल्याची काही खूण नव्हती. तू मजेत थांबली होतीस. साथ देणारी बाई गोंधळली, सभागृहात कुणीतरी हसलं, आणि तुझा तिसरा नंबर आला. तू खूश होतीस, तिसऱ्याला पेन्सिलींचा डबा होता.

आता जे लिहिते ते वाचताना बसून घे. मुलाखतीत तू म्हणालीस, की एके दिवशी तिने दार लावून घेतलं ते पुन्हा उघडलंच नाही, आणि मी काय चुकले ते मला आजवर कळलेलं नाही. तू काहीही चुकली नव्हतीस. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी, तू शाळेत असताना, मी खाली गेले होते. ती एका कोटाची बाही लावत होती, तोंडात टाचण्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "माझ्या मुलीचा गळा बिघडवू नका. तिला इथे बसू देऊ नका." तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीला टोचल्या, आणि म्हणाली, "बरं, बाई." एवढंच. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्या दुपारपासून दार बंद. तू ठोठावायचीस, मग जिन्यात बसून राहायचीस. मी तुला सांगितलं, की तिला फार काम आलंय. वर्षभराने ती खोली सोडून भावाकडे राहायला गेली. जायच्या दिवशी वर आली आणि माझ्या हातात पत्ता लिहिलेला कागद दिला. म्हणाली, "माझं काही टपाल आलं तर पाठवाल." टपाल कधी आलं नाही. ते तिलाही ठाऊक असणार, की येणार नाही. तो कागद कुणासाठी होता हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तो फाडला नाही, आणि तुला दिलाही नाही. सुरांच्या वह्यांखाली सरकवून ठेवला, एकोणतीस वर्षं.

मुलाखतीत शेवटी तू म्हणालीस, की मी तिला खूप शोधलं, सापडली नाही, आता बहुतेक नसेलच. बाबांनी रेडिओ बंद केला. त्यांना कागदाचं माहीत नाही. म्हणजे नव्हतं. काल सांगितलं. ते बराच वेळ गुडघा चोळत बसले आणि म्हणाले, "हे तू मला सांगून काय उपयोग?"

पण त्याच्या आधीच, गेल्या गुरुवारी, मी तिथे जाऊन आले होते. बसने अडीच तास. माझ्याबद्दल काही चांगलं समजू नकोस. मी तिला तुझ्यासाठी शोधायला गेले नव्हते. ती खरंच गाते का, ते बघायला गेले होते. माझी खात्री होती की एखादी बेसूर म्हातारी भेटेल, मी दोन ओळी ऐकेन, आणि जळायचं थांबेन.

पत्ता बदललेला नव्हता. भाचीने दार उघडलं आणि मागच्या खोलीत नेलं. ती आता ब्याऐंशीची आहे. डोळे जवळजवळ गेलेत, शिवण केव्हाच सुटली. बोटं मात्र सारखी चादरीच्या कडेवरून फिरत असतात, शिलाई तपासल्यासारखी. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "पियानोच्या बाई का? बसा." आणि लगेच, "ती टाचण्यांची पोर गाते का अजून?"

तिला माहीत नव्हतं, भिंगरी. अर्धं जग तुला ओळखतं आणि तिला तुझं काहीच माहीत नव्हतं. मी फोन काढून तिच्या कानाला लावला. ती म्हणाली, आत नुसती खरखर येते, यंत्राचा आवाज मला कळत नाही, माणूस बोललं तरच कळतं. आता काय करायचं? एवढ्या लांब गेले होते. मग मी तिच्या खुर्चीजवळ स्टूल ओढलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि तुझ्या अल्बममधलं पहिलं गाणं म्हटलं. मी, जिने तेरा वर्षांत तुझ्या गाण्याची ओळ गुणगुणली नाही. मला सगळं पाठ होतं. चुका काढता काढता पाठ झालं होतं.

मी माझ्या पद्धतीने म्हणत होते, ओळ पुरी करत. दुसऱ्या ओळीला तिने माझं मनगट धरलं आणि दाबलं. "इथे थांबा, बाई. इथे कोपरा आला. सुई खाली ठेवायची आणि कापड वळवायचं. वळल्याशिवाय पुढे कसं जाणार?" मी पुन्हा म्हटलं. तिने पुन्हा दाबलं. चौथ्या वेळेला मला जमलं. बासष्टाव्या वर्षी मी एका डोळे गेलेल्या शिंपिणीपुढे बसून थांबायला शिकत होते, आणि तू अल्बममध्ये नेमकी तिथेच थांबतेस, तसूभरही फरक नाही.

मी माफी मागायला लागले तर तिने ऐकून घेतलं नाही. म्हणाली, "तुम्ही आई, तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच हसत, "पोर हट्टी होती पण. दार लावलं तरी जिन्यात बसून गायची. मी आत मशीन बंद करून ऐकत बसायची. कामं रखडायची माझी."

घरी येताना बसमध्ये मला हेच सगळ्यात जास्त लागलं. कारण ते जिन्यातलं गाणं मलाही ऐकू यायचं. शिकवणी चालू असताना मी दार किलकिलं ठेवायचे. मला वाटायचं, माझा धडा तू एकटीने घोटते आहेस. माझ्यासाठी. वर्षभर मी ते ऐकून सुखात होते. दोन दारांमागे दोघी बायका बसलेल्या, आणि तू एकीसाठीच गात होतीस.

तर हे पत्र त्यासाठी. ती आहे, आणि तुझी वाट बघते आहे. पत्ता पाकिटात वेगळ्या कागदावर लिहिला आहे, भाचीचा फोनही. पुढच्या महिन्यातल्या दौऱ्यानंतर बघू, असं करू नकोस. तिला तुझ्याकडे यायचं बळ नाही आणि तुला सवड नसते, हे दोन्ही मला कळतं. पण दौरा पुढे ढकलता येतो. दार कुणी लावायला सांगितलं ते तिला विचारू नकोस, ती सांगणार नाही. ते मी सांगितलं आहे, आता तू काय करायचं ते कर. रागाव, आठ दिवस फोन उचलू नकोस, मी तक्रार करणार नाही. पुढच्या मुलाखतीत सांगितलंस तरी चालेल. फक्त एक मागते, आणि मागायचा हक्क राहिला आहे की नाही ते मला माहीत नाही. तिच्याकडे जाताना आमच्याच गावावरून रस्ता जातो. आधी इथे ये. परत येताना नको, जाताना. तिला भेटून आलेली तू मला नंतर जन्मभर मिळणारच आहेस. न भेटलेली एकदा, तासभर, माझ्या एकटीजवळ बसू दे.

रागावलीस तरी तुझीच,
आई