आईनं ऐकलेला सिनेमा

नंदनवन, नागपूर
रविवार, १७ फेब्रुवारी १९७४

प्रिय कृष्णकांत,

तुला आणि शामलावहिनींना माझा व सुमतीचा नमस्कार. पोरांना खूप लाड. तुझं नाव निघालं की आई म्हणतेच, "किसन्या भिलाईले गेला तं तिकडचाच झाला."

तुझी दोन पत्रं आली आणि माझ्याकडून एकालाही उत्तर गेलं नाही. तब्येत बरी नव्हती असं लिहिणार होतो, पण तब्येत ठणठणीत आहे. आईच्या मात्र आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. डॉक्टर म्हणतात, अजून पुरता पिकला नाही, ऑपरेशनला उन्हाळा जाऊ द्या. दारात कोणी उभं राहिलं तर तिला सावली कळते, बाकी माणूस ओळखायचं ते आवाजावरून.

बर्डीवरचा आपला चहाचा अड्डा चालू आहे. तू गेल्यापासून चंद्रभानला अडवणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे तो सुटलाच आहे. परवा तासभर एकच विषय होता, एका मोठ्या हिंदी हिरोचे केस खरे की टोप. चंद्रभानच्या साळ्याच्या मित्रानं म्हणे त्याला सोनेगावच्या विमानतळावर पाहिलं आणि वारा आला तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. एवढ्यावर टोप सिद्ध झाला. तू असतास तर खूप भांडला असतास.

तू विचारलंयस, मी छोटंसं काम केलं त्या आमच्या सिनेमातल्या हिरॉइननं निर्मात्याशी चोरून लग्न केलं हे खरं का. मला काही ठाऊक नाही रे. मी तिला पाहिलं ते स्वेटर विणताना. शॉट संपला की सुया हातात, आणि "शांतता" असा पुकारा झाला की सुया मांडीखाली. माझ्याशी ती एकच वाक्य बोलली, "नागपूरला थंडी असते का हो?" मी म्हटलं, असते. संपला संवाद.

मुंबईत टेलिव्हिजन पाहिला तो मात्र खरा. दुकानाच्या काचेआड ठेवला होता आणि शेतकऱ्यांचा काही कार्यक्रम चालू होता. बाहेर फुटपाथवर कोट-टाय घातलेली माणसं उभी राहून कपाशीला खत कसं द्यायचं ते एकटक बघत होती. चंद्रभान म्हणतो, हे नागपूरला आलं की टॉकीजा बंद पडतील. मी म्हटलं, नागपूरला येईपर्यंत आपणच म्हातारे होऊ.

आता तुझ्या दुसऱ्या पत्राबद्दल. तुमच्या महाराष्ट्र मंडळानं आमचा सिनेमा भिलाईला मागवायचं ठरवलं, आणि त्या दिवशी मी पाहुणा म्हणून यावं, स्टेजवरून चार शब्द बोलावेत, असं तू लिहिलंस. हार, शाल, जेवण, सगळं ठरवूनही बसलास. मला येता येणार नाही. मार्चअखेर आहे, ऑफिसात रजेचं कठीण आहे.

हे वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यायलो आणि परत येऊन बसलो. रजा मिळते रे. मागितली असती तर साहेबांनी आनंदानं दिली असती, त्यांनी स्वतः दोनदा सिनेमा पाहिलाय. तुझ्याशी खोटं बोलत गेलो तर मग खरं बोलायला माणूस उरणार नाही, म्हणून सांगतो.

सिनेमा लागला गेल्या शुक्रवारच्या आधीच्या शुक्रवारी. पहिल्या खेळाला आपली सगळी नाटकमंडळी, ऑफिसातले लोक आणि आमची आळी, अशी दोन रांगा माणसं होती. सकाळी मी दाढी करत होतो तर आई म्हणाली,

"मले नेत नाही का गा?"

"आई, तुला दिसणार नाही."

"दिसत नाही तं काय झालं? आयकू तं येते. तुया आवाज मले आयकाचा आहे."

तुला आठवतं ना, आपल्या प्रत्येक नाटकाला ती पहिल्या रांगेत असायची. आणि घरी आल्यावर नेमकं कुठे माझा आवाज पडला ते सांगायची. मी तिला नको म्हणायला हवं होतं. गर्दी आहे, जिने आहेत, काहीही सांगता आलं असतं. पण सुमतीनं तिचं ठेवणीतलं लुगडं काढलंसुद्धा होतं. आम्ही तिला रिक्षात बसवून बर्डीच्या टॉकीजवर नेलं.

माझ्या आणि सुमतीच्या मधे तिला बसवलं. सुमती तिच्या कानात सांगत होती, आता नदी दाखवली, आता आभाळ भरून आलं. मग माझा प्रवेश आला. पूर येतो आणि गावातला शाळामास्तर धावत येऊन बायकांना सावध करतो, तो मास्तर मी. पडद्यावर मी दिसलो आणि आपल्या दोन रांगांनी टॉकीज डोक्यावर घेतलं. चंद्रभान खुर्चीवर उभा राहून ओरडला, "आला रे, आपला विश्वनाथ आला!" आईनं माझा दंड घट्ट धरला.

मी पडद्यावर तोंड उघडलं आणि त्यातून दुसऱ्याच माणसाचा आवाज आला. बारीक, नाकातून येणारा, चांगला घासूनपुसून घेतलेला आवाज. "वेळ गेली, बाई. पाणी वेशीत आलंय. मुलांना घेऊन देवळात चला." ओठ माझे हलत होते.

आईनं सुमतीला विचारलं, "हा कोन बोलून राहिला वं?"

"तेच आहेत ना, आई. पडद्यावर तेच आहेत."

"नाही वं. हा दुसराच आहे कोनी."

आणि मग, पडद्यावर सगळं शांत असताना, ती मोठ्यानं म्हणाली, "विश्वनाथ कवा बोलते?"

मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. मी तिच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, "आता बोलतो, आई. थोडं थांब."

मास्तराचा प्रवेश तेवढाच आहे, कृष्णकांत. पुरात तो वाहून जातो. पुढचा सगळा सिनेमा आई मान पुढे काढून बसली. कोणीही पुरुष बोलायला लागला की तिची बोटं माझ्या दंडावर घट्ट व्हायची, आणि दोन शब्दांनंतर सैल पडायची. पाटील बोलला, पोलीस बोलला, देवळातला पुजारी बोलला. मला सांगता आलं असतं की संपलं माझं काम. मी नाही सांगितलं. दिवे लागले तेव्हा तिनं विचारलं, "झाला?" मी म्हटलं, झाला. ती पायानं चपला शोधायला लागली.

जिन्यात चंद्रभाननं गाठलं. "काम लय जोरदार केलं. पन आवाज असा काहून आला गा?"

"मशीनमधून गेला की बदलतो," मी म्हणालो.

त्याला पटलं. आता तो अड्ड्यावर सगळ्यांना समजावून सांगतो की मशीनमधून गेला की आवाज बदलतो. आई माझ्या हाताला धरून जिना उतरत होती, तिनंही ते ऐकलं असणार.

खरं काय झालं ते ऐक. चित्रीकरण नदीकाठी झालं. तिथे वारा, यंत्रांचा आवाज, म्हणून संवाद नंतर मुंबईला बंद खोलीत भरतात. समोर चित्र चालतं आणि आपल्या ओठांबरोबर आपण बोलायचं. दिवाळीनंतर मला बोलावलं तेव्हा मी तुला आनंदानं कळवलंही होतं. स्टेजवर मी इतकी वर्षं शुद्ध बोललो, राज्य नाट्यस्पर्धेत बक्षीस घेतलं, आणि त्या खोलीत कानाला ते यंत्र लावलं आणि माझी जीभच वळेना. "वेळ" म्हणायला गेलो की "येळ". "पाणी" म्हणायला गेलो की "पानी". जेवढा सांभाळायला गेलो तेवढा घसरलो. दिग्दर्शक चांगला माणूस होता. म्हणाला, "आवाज छान आहे हो तुमचा. पण गोष्ट कृष्णाकाठची आहे, तिथे नागपूर कानाला लागतं." त्याचंही चुकलं असं मी म्हणत नाही.

त्याचा एक मदतनीस होता. तो हेल काढून म्हणाला, "काय करून राहिले गा?" सगळे हसले. मीही हसलो.

इथपर्यंत मी सुमतीला सांगितलंय, तेही सिनेमा पाहून आल्यावर. याच्यापुढचं तिलाही नाही.

चहा आला. ते म्हणाले, बोला ना आणखी तसं, मजा येते. मला वाटलं, या लोकांशी गोडी झाली तर पुन्हा एकदा संधी देतील. मी आधी आमच्या गावाकडच्या कोतवालाची नक्कल केली. थोडे हसले. मग, कृष्णकांत, मी आईची केली. ती मला जेवायला कशी बोलावते, सुनेवर कशी चिडते, "काहून वं, मीठ महाग झालं का?" असं कसं म्हणते. तेवढ्यानं भागलं असतं. मी डोळे मिटले आणि ती हल्ली ताट कसं चाचपडते, भाकर समजून पाण्याच्या गडव्यावर हात कसा ठेवते, तेही करून दाखवलं. लोकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मदतनिसानं माझ्या पाठीवर थाप मारली. दिग्दर्शक म्हणाला, "तुम्हाला विनोदी काम द्यायला पाहिजे."

आणि मला आवडलं रे. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. नाटकात टाळ्या पडतात तसं. मग कप उचलले गेले आणि बाकावर बसलेला दुसरा एक माणूस आत गेला. दाराबाहेर मला त्याचा आवाज ऐकू आला, "वेळ गेली, बाई." पहिल्याच झटक्यात त्यानं बरोबर म्हटलं.

म्हणजे सिनेमा लागायच्या आधीपासून मला ठाऊक होतं. तुला लिहिलं नाही, इथे कोणाला सांगितलं नाही. शेवटपर्यंत वाटत होतं की कोणाच्या लक्षात येणार नाही. मुंबईहून आल्यावर मी घरात 'मले-तुले' सोडून 'मला-तुला' बोलायला लागलो होतो. आईचे शब्द दुरुस्त करत होतो, तेही लोकांसमोर. ती सुमतीला म्हणाली होती, "मुंबईवरून आला तवापासून पाहुन्यासारका बोलते."

सिनेमानंतर तिनं त्याचा विषयच काढला नाही. विचारलं असतं तर मी काहीतरी बोललो असतो. ती विचारतच नव्हती. गेल्या रविवारी मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. शेजारच्या सिंधूताई आल्या आणि ओट्यावर आईजवळ बसल्या. त्या विचारत होत्या, "काय वं प्रयागबाई, कसा होता पोराचा सिनेमा? तुमाले तं दिसत नाही."

आईचा स्वभाव तुला माहीत आहे. माझं लग्न ठरवताना सुमतीच्या वडिलांना तिनं तोंडावर सांगितलं होतं, पोरगा माया जरा भित्रा आहे, आताच पाहून घ्या. आयुष्यात तिला कोणासाठी खोटं बोलता आलं नाही, यावरून माझ्या वडिलांशी तिची किती भांडणं व्हायची. मी पेपर खाली ठेवला. वाटलं, आता ती सांगणार.

आई म्हणाली, "दिसत नाही, पन आयकलं ना मी. पयल्याच शब्दाले ओयखलं त्याले. साऱ्या टॉकीजमंदी घुमून राहिला होता त्याचा आवाज."

सिंधूताई म्हणाल्या, "हो का वं!"

"तं काय! बाजूची बाई रडाले लागली."

मी आत आहे हे तिला माहीत होतं. मघाशीच तिनं मला चाचपून पेपर शोधून दिला होता.

सिंधूताई गेल्या. आई ओट्यावर तशीच बसून होती, उन्हाकडे तोंड करून. मी दारापर्यंत गेलो. माझी चाहूल तिला लागली असणार. मी तिथूनच परतलो आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. त्याला आज आठ दिवस झाले. मी तिच्याशी जेवणाचं बोलतो, औषधाचं बोलतो. मुंबईच्या त्या खोलीत मी काय केलं ते तिला कधीच कळणार नाही, आणि तेच मला जास्त सहन होत नाही.

तेव्हा भिलाईला मी येणार नाही. सिनेमा जरूर मागवा, चांगला आहे. मंडळात कोणी विचारलं तर खरं ते सांग, की ओठ आमच्या मित्राचे आहेत, बोलणारा दुसरा आहे. हे पत्र वहिनींना वाचून दाखवलंस तरी चालेल, फक्त ती चहाच्या वेळची गोष्ट तुझ्याजवळच राहू दे.

मे महिन्यात नागपूरला येशील तेव्हा घरी ये. आईजवळ बस, तिला तुझा आवाज ऐकू दे. पण सिनेमाचं नाव काढू नकोस. माझ्यासाठी तिला पुन्हा खोटं बोलावं लागू नये.

तुझ्यासमोर यायला तोंड नसलेला,
विश्वनाथ